भावोजींचा शक्यतो

माझ्या ताईचा नवरा मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मी हे कधी लपवलं नाही आणि त्यांनीही कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण मनाला लावून घ्यायचं तर आधी तसं ठरवावं लागतं आणि ठरवणं हा त्यांचा प्रांत नव्हे. इथे मी त्यांना भावोजी म्हणणार आहे, ‘ते’ म्हणणार आहे. हा आदर ताईसाठी आहे. त्यांच्यासाठी मी एकवचनावर भागवलं असतं.

भावोजी सरकारी कचेरीत कायद्यांचे मसुदे लिहायचे. लोकांना वाटतं कायदे मंत्री करतात. मंत्री फक्त सही करतात. एखाद्या खात्याला काहीतरी बंद करायचं असतं, ते खातं आपल्या साध्या भाषेत तसं लिहून पाठवतं, आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, जिच्या खिडकीतून फक्त उभ्या केलेल्या गाड्यांची टपं दिसतात, एक माणूस त्याची कायद्याची भाषा करतो. तो माणूस म्हणजे आमचे भावोजी. टेबलाखाली बूट काढून मोज्यांवर बसायचे. कानामागे लाल पेन्सिल. ती पेन्सिल मुख्यतः एकाच शब्दापायी झिजत असे.

तो शब्द म्हणजे ‘शक्यतो’.

कारखान्यांनी सांडपाणी नदीत सोडू नये, असं खात्याकडून आलं, की भावोजी ‘सोडू’च्या आधी एक छोटा बाण काढत आणि वर सुबक अक्षरात लिहीत, शक्यतो. दवाखान्याजवळ भोंगे वाजवू नयेत. बाण. शक्यतो. कचेरीत त्यांना पाठीमागे ‘शक्यतो साहेब’ म्हणत. पुढेपुढे तोंडावरही म्हणायला लागले, आणि भावोजी हसून मान डोलवायचे. दुसरा कुणी असता तर चिडला असता. यांना तो मान वाटायचा.

हा शब्द त्यांना लहानपणी सापडला, असं ताई सांगते. त्यांचे वडील भारी तापट होते. सातच्या आत घरात येशील का, असं ते विचारायचे. ‘हो’ म्हणून उशीर केला तर मार, आणि ‘नाही’ म्हटलं तर जागच्या जागी मार. एकदा या पोराच्या तोंडून निघून गेलं, “शक्यतो येईन.” बापाचा हात वर गेला आणि तिथेच थांबला, कारण या उत्तराला मारावं की नाही हेच त्याला कळेना. ताई ही गोष्ट कौतुकाने सांगते. मला ती ऐकून त्या बापाची कीव येते.

लग्न ठरताना ताईने त्यांना एकच प्रश्न विचारला होता. “मला नोकरी सोडायची नाही. चालेल ना तुम्हाला?” ती तेव्हा नकाशे छापणाऱ्या कंपनीत होती, रंग भरायची, आणि तिच्या हाताला तोड नव्हती. भावोजी म्हणाले, “शक्यतो चालेल.” ताई हुरळून घरात आली आणि म्हणाली, “हो म्हणाले!” मी तेव्हा शाळेत होते. मी म्हटलं, “हो नाही म्हणाले. शक्यतो म्हणाले.” ताईने मला गप्प बसवलं. लग्नानंतर सासू आजारी पडली, मग मूल झालं, मग दुसरं झालं, आणि नकाशे राहिले ते राहिलेच. भांडण झालं नाही. भांडायला कुणी नकार तर द्यायला हवा.

आता मी. मी पायांच्या दवाखान्यात ड्रेसिंग करते. साखर वाढून वाढून ज्यांच्या पायांची जाणीव गेलेली असते ते लोक आमच्याकडे येतात. जखम दिसते मोठी, पण माणूस आरामात बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारत असतो, कारण त्याला काही दुखतच नाही. दुखत नाही हाच रोग. मी नोकरीला लागले तेव्हा म्हातारे यायचे. आता हातात मोटारसायकलची किल्ली फिरवत तरुण मुलं येतात. विचारलं की सगळ्यांची सुरुवात शाळेपासून. मधल्या सुट्टीत कॅन्टीनमधली गोड बाटली, शाळा सुटली की गेटवरची दुसरी, आणि घरी पाणी कुणाला आवडतंय?

हे काही फक्त माझ्या डोक्यात आलेलं नाही. आरोग्य खात्यात एक संचालक बाई होत्या, वयाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी जगभरचे कायदे गोळा केले. कुणी गोड पेयांवर कर बसवला होता, कुणी पाकिटाच्या दर्शनी बाजूला काळी खूण छापायला लावली होती, कुणी शाळांतून या बाटल्या पार हद्दपार केल्या होत्या. बाईंनी म्हटलं, आपण निदान शाळेपासून सुरुवात करू. त्यांनी एक ओळ लिहून पाठवली. शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारालगत गोड पेये विकू नयेत.

एवढीच ओळ. शेंबड्या पोरालाही कळेल अशी. ती भावोजींच्या टेबलावर आली, आणि पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही.

बाई तरातरा तिसऱ्या मजल्यावर आल्या. हे भावोजींनीच आम्हाला जेवताना रंगवून सांगितलं होतं. “हे काय घुसडलंत?” बाई म्हणाल्या. भावोजींनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, “समजा एखाद्या मुलाला चक्कर आली आणि त्याला साखरेचं पाणी द्यायची वेळ आली तर?” बाई म्हणाल्या, “मग तेवढा अपवाद लिहा.” आता अपवाद लिहायचा तर बसून विचार करावा लागतो, कोणता धरायचा, कोणता सोडायचा, आणि नंतर तो बरोबर होता की चूक हे अंगावर घ्यावं लागतं. भावोजी म्हणाले, “एका शब्दात सगळे अपवाद येतात.” बाईंचे वरिष्ठ घाईत होते. मसुदा तसाच पुढे गेला.

मला कुणी सांगितलं असतं, की बाटलीवाल्यांनी भावोजींना बंगला बांधून दिला, तर मी त्यांना समजून घेतलं असतं. माणूस लोभी असतो. पण त्यांना कुणी चहासुद्धा पाजला नाही. त्यांनी हे फुकट केलं. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

कायदा झाला. पेपरात फोटो आले. एका तपासनीस बाईने हौसेने पहिला खटला भरला, एका शाळेच्या कॅन्टीनवाल्यावर. कॅन्टीनवाल्याच्या वकिलाने कोर्टात उभं राहून तो नियम मोठ्याने वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. म्हणाला, “माझ्या अशिलाने शक्य तितका प्रयत्न केला. पण गोड पेयं न ठेवता कॅन्टीन चालवणं त्याला शक्य झालं नाही.” कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी विचारलं, “त्याला ते शक्य होतं, हे तुम्ही कसं सिद्ध करणार?” तपासनीस बाई कागद चाळत राहिली. ते कुणाला सिद्ध करता येणार? खटला फेटाळला गेला, आणि त्यानंतर दुसरा खटला कुणी भरला नाही. त्या कायद्याला लोक ‘शक्यतोचा कायदा’ म्हणायला लागले. भावोजींनी ते कात्रण काचेखाली ठेवलं. शब्द कोर्टात टिकला, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग त्यांनाच साखर निघाली. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. वाईट वाटलं असंही म्हणणार नाही. डॉक्टर भला माणूस होता, मवाळ बोलायचा. “शक्यतो गोड टाळा,” तो म्हणाला, “आणि शक्यतो अनवाणी चालू नका.” बिचाऱ्याला काय माहीत, समोर कोण बसलंय!

त्या दिवसानंतरही दुपारच्या चहाबरोबर केकचा तुकडा सुरूच. ताई हात धरायला गेली की म्हणायचे, “डॉक्टरांनी बंदी घातलेली नाही. त्यांचा शब्द नीट ऐक.” मी एकदा म्हटलं, “भावोजी, डॉक्टरांना काय म्हणायचंय ते तुम्हाला चांगलं कळतंय.” त्यावर ते म्हणाले, “म्हणायचं काय होतं ते महत्त्वाचं नसतं गं. म्हटलंय काय, ते बघायचं असतं.” आणि केक संपवला.

एके दिवशी टेबलाखाली काढलेल्या बुटात पेन्सिलीचा तुकडा पडला. तीच लाल पेन्सिल, झिजून नखाएवढी झालेली. त्यांनी बूट चढवले आणि दिवसभर त्या तुकड्यावरून चालले. जिने चढले, उतरले, भाजी घेऊन घरी आले. काही कळलं नाही. रात्री ताईला मोजा लाल दिसला, आधी तिला वाटलं पेन्सिलीचा रंग लागलाय.

ताईने मला फोन केला. तेव्हापासून रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी त्यांच्याकडे जायला लागले. जेवणाच्या टेबलाजवळ एक स्टूल, स्टुलावर जुना टॉवेल, टॉवेलवर भावोजींचा पाय. मी धुणार, मेलेली कातडी काढणार, पट्टी बांधणार, आणि ते वर चष्मा लावून कागद वाचणार. एकदा मी विचारलं, “काय वाचताय एवढं?”

“तोच शाळांचा नियम,” ते म्हणाले. “पुन्हा आलाय. नवीन संचालक आलेत. सुधारून हवाय त्यांना.”

माझा हात थांबला. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. हा त्यांच्या हातून जाणारा शेवटचा मोठा मसुदा, आणि तो नेमका माझ्या समोर, त्यांच्या पायावर मी वाकलेली असताना. मी म्हटलं, “भावोजी, या वेळी तो शब्द काढा.”

“बघू.”

“बघू नाही. काढा. दवाखान्यात येऊन बघा एकदा, काय चाललंय ते.”

“अगं, तुला वाटतं मी मुद्दाम घालतो,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच कागद बाजूला ठेवला. “तो शब्द नसता तर पहिला कायदा झालाच नसता. बाटलीवाल्यांनी स्थगिती आणली असती. मंत्र्यांनी हात झटकले असते. मऊ का होईना, कायदा झाला, म्हणून आज तो सुधारायला तरी टेबलावर आहे. कोरा कागद कुणी सुधारत नाही.”

मला राग आला, कारण यात तथ्य होतं. त्यांच्या बोलण्यात नेहमी थोडं तथ्य असतं, तेवढ्यावरच तर त्यांचा संसार चालला. मी म्हटलं, “मग आता? आता मंत्री काय म्हणतायत?”

“मंत्र्यांनी लिहून दिलंय. शब्द काढला तरी सही करणार आहेत.”

“मग?”

“आज करणार आहेत,” भावोजी म्हणाले. “उद्याचं कुणी सांगावं?”

मी चिमट्यात धरलेला गॉज जखमेत मुद्दाम जोरात दाबला. मला त्यांना कळवळलेलं बघायचं होतं. त्यांनी पान उलटलं. त्यांना काही लागलंच नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी हाच तमाशा. मी दवाखान्यात आलेल्या पोरांबद्दल सांगायची आणि ते मला हरकतींबद्दल सांगायचे. मी म्हणायची, “अपवाद लिहा ना, चक्कर आलेल्या मुलाचा एक अपवाद लिहा, आणि बाकी सरळ ‘विकू नये’ म्हणा.” ते म्हणायचे, “आणि खोकल्याचं औषध? तेही गोडच असतं. आणि दूध?” मी म्हणायची, “तेही लिहा, जीव जातोय का लिहायला?” ताई स्वयंपाकघरातून म्हणायची, “जाऊ दे ना गं, त्यांचं बीपी वाढेल.” आयुष्यभर या घरात सगळ्यांनी सगळं जाऊ दिलंय. मी पट्टीची गाठ मारून कामावर जायची.

एका गुरुवारी सकाळी पट्टी सोडली आणि वासावरूनच मला कळलं. पाऊल काळं पडलं होतं, लाल रेघ पोटरीवर चढत होती आणि भावोजींना ताप होता. आदल्या दिवशी ते कचेरीत गेले होते. “पायावर भार देऊ नका” असं मी किती वेळा बजावलं होतं, तेही ‘शक्यतो’ न वापरता. मसुदा पुरा करायला गेलो होतो, म्हणाले. मी विचारलं, “काढला का?” ते चष्मा शोधायला लागले. आम्ही त्यांना गाडीत घातलं.

हॉस्पिटलमध्ये शल्यविशारद एक तरुण मुलगी होती, केस रबराने बांधलेले, बोलणं भराभरा. तिने पाय बघितला, बोटांनी दाबत वर वर गेली आणि कॉटच्या कठड्याला टेकून म्हणाली, “आजोबा, पाऊल वाचणार नाही. आज दुपारीच काढावं लागेल. शक्यतो गुडघ्याच्या खाली कापू.”

भावोजी तापात होते, तरी कोपरावर उठून बसले. मी त्या माणसाला इतक्या वर्षांत इतकं जागं कधी पाहिलं नव्हतं.

“शक्यतो म्हणजे?”

“म्हणजे गुडघा वाचवायचा प्रयत्न करू. खाली कापलं तर कृत्रिम पाय लावून तुम्ही बऱ्यापैकी चालाल. वर गेलं तर अवघड आहे.”

“म्हणजे वरही जाऊ शकतं?”

“उघडल्यावर कळेल. रक्त पोचत असेल तर खाली. नाहीतर वर.”

“नाही नाही,” भावोजी म्हणाले. “असं चालणार नाही. तुम्ही नक्की सांगा. गुडघ्याखाली. त्यातला शक्यतो काढा.”

“आजोबा, तसं मला म्हणता येत नाही.”

“का म्हणता येत नाही? माझा पाय आहे! शक्यतो म्हणजे काहीच नाही हो. शक्यतो म्हणजे तुम्ही काहीही करायला मोकळ्या. मला माहीत आहे तो शब्द, मला सांगू नका!” त्यांनी त्या मुलीचा कोट धरला. ताई तोंडावर पदर धरून भिंतीकडे वळली.

मुलीने हळूच कोट सोडवून घेतला, अर्ध्या तासाने न्यायला येतील म्हणाली आणि गेली. खोलीत आम्ही तिघंच. मला वाटलं, आता. आता हा माणूस समजला. स्वतःच्या तोंडाने बोलला, शक्यतो म्हणजे काहीच नाही. मी पिशवीतून त्यांचा फोन काढला.

“भावोजी,” मी म्हटलं, “मसुदा शाखेतून कधी जाणार?”

“उद्या सकाळी.”

“शब्द आहे त्यात?”

त्यांनी पांघरूण नीट केलं. म्हणजे होता.

“मी तुमच्या शाखेत फोन लावून देते. तुम्ही एवढंच म्हणा, की तो शब्द काढा. आत्ता त्या मुलीला म्हणालात ना, अगदी तसंच.” मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. तिकडून कुणीतरी उचलला आणि “शक्यतो साहेब, कसं आहे आता?” असं विचारल्याचं मलाही ऐकू आलं. ताई वळून बघत होती. तिने हात जोडले होते. देवाला की नवऱ्याला, कोण जाणे.

भावोजींनी फोनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग फोन कानाला लावून ते म्हणाले, “हो, बरं आहे. ऑपरेशन आहे आज. उद्या वेळेवर पाठवा फाइल.” आणि फोन बंद करून माझ्या हातात दिला.

“आणि शब्द?” मी जवळजवळ ओरडले.

“तो वेगळा विषय आहे,” भावोजी म्हणाले, आणि छताकडे बघत पडून राहिले.

मी खोलीबाहेर गेले. ताई मागून आली नाही. मला कुणालातरी मारावंसं वाटत होतं आणि मारण्याजोगा एकच माणूस होता, तोही ऑपरेशनला निघालेला.

गुडघा वाचला नाही. मांडीतून कापावं लागलं. पुढच्या महिन्यात नियम छापून आला, आमच्या दवाखान्यातही एक प्रत आली. मी ती उभ्या उभ्या वाचली. दंड वाढवला होता, गेटपासूनचं अंतर वाढवलं होतं, बाटलीचं माप दिलं होतं, आणि शब्द जागच्या जागी होता. नवीन संचालकांनी म्हणे शेवटच्या दिवशी आरडाओरडा केला, पण मंत्री तोवर बदलले होते आणि नव्या मंत्र्यांना तो शब्द फार आवडला. भावोजींना ही बातमी ताईने सांगितली. “बघ,” ते म्हणाले, “मी म्हणत नव्हतो?” शाळेच्या गेटवरचा बाटल्यांचा फ्रिज नवा आलाय, आधीच्यापेक्षा मोठा, काचेच्या दाराचा. मी रोज त्याच्यावरून जाते.

आणि रोज सकाळी ताईच्या घरीही जाते. ताईसाठी जाते. तेच स्टूल, तोच टॉवेल, त्यावर आता मांडीचा उरलेला भाग. पावलातली जाणीव गेली होती, पण मांडीतली शाबूत आहे. जखम अजून ओली असल्याने पट्टी चिकटते आणि सोडताना भावोजींचा चेहरा पांढरा होतो. हातात कागद नसतो. दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरून ते माझ्या बोटांकडे बघत असतात, लहान मुलासारखे.

“दुखणार नाही ना गं?” ते रोज विचारतात.

मी पट्टीचं टोक चिमट्यात पकडते.

“शक्यतो नाही,” मी म्हणते.